कच्चा नवस

बेथ-हारूब गावात गाढव हरवलं की लोक आधी अबीतालकडे जात आणि मग शोधायला लागत. अबीताल संदेष्टी होती. परमेश्वराचा शब्द तिच्याकडे येतो असं गाव मानत होतं, आणि तिचंही मत साधारण तेच होतं. शब्द यायचा तो मोठ्या गोष्टींबद्दल: राजे, दुष्काळ, उत्तरेकडून उतरणारं सैन्य. लोक मात्र गाढवांबद्दल विचारत. चंद्रदर्शनाच्या दिवशी सकाळपासून तिच्या दारच्या अंजिराखाली रांग लागे आणि प्रत्येकाच्या हातात दोन भाकरी नाहीतर मधाचं मडकं असे. गाढव बहुतेक वेळा जिथे हिरवं गवत असे तिथेच सापडे. त्याला परमेश्वराचा शब्द लागत नाही, हे तिने पुष्कळदा सांगून पाहिलं. लोक म्हणत, बाई मनाने साधी आहे, आणि पुन्हा गाढवांबद्दल विचारत.

गावचे पंचही येत, पण ते रांगेत उभे राहत नसत. ते परसाच्या बाजूने येत, अंधार पडल्यावर, डोक्यावरून उपरणं ओढून. पंचांतला मोठा बेखेर याने वर्षभरात तीनदा विचारलं होतं की धाकट्या बायकोचा आपल्यावर खरंच जीव आहे का. नियमशास्त्र तोंडपाठ असलेल्या अहीएजरला गेलेले केस परत येतील का ते हवं होतं. अबीताल दोघांनाही धीर धरायला सांगे. जुन्या काळी एका बाईने ताडाखाली बसून सगळ्या इस्राएलाचा न्यायनिवाडा केला होता आणि सैन्याच्या पुढे चालली होती. कापणीच्या वेळी तिची गाणी पंच तल्लीन होऊन गात. मेलेल्या बाईने राज्य केलं तर कुणाचीच हरकत नसते.

अबीतालचा नवरा शाफात पाण्याची टाकी खोदायचा. डोंगर फोडून पोटात खोली करायची, तिला आतून चुन्याचा गिलावा द्यायचा आणि पावसाची वाट पाहायची, असं त्याचं काम. दिवसाला तो सात-आठ शब्द बोले, त्यातले निम्मे दगडाला उद्देशून. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. तिसऱ्या वर्षी तिला पहिल्यांदा परमेश्वराचा शब्द आला, तेव्हा ती कणीक मळत होती. तिने भीत भीत त्याला सांगितलं. त्याने ऐकलं, भाकरी खाल्ली आणि झोपला. दुसऱ्या दिवशी त्याने अंजिराखाली दगडी बाक बांधला आणि त्यावर मेंढीचं कातडं अंथरलं. तो बाक तिच्या बसण्यासाठी होता की लोकांना घराबाहेर ठेवण्यासाठी, हे तिला आजवर कळलं नव्हतं. सगळ्या गावाच्या मनातलं ओळखणारी बाई, आणि घरातल्या एका माणसाच्या मनात काय आहे याचा तिला पत्ता नव्हता. हे तिला लागत असे. ती कुणाला बोलून दाखवत नसे.

त्या वर्षी होग्लाचा दगड सरकला.

होग्ला विधवा होती, मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचं शेत होतं ते बेखेरच्या शेताला लागून. शेतात खडक कोरून केलेलं द्राक्षं तुडवायचं कुंड होतं आणि कुंडाच्या पलीकडे शिवेचा दगड. नवरा गेल्यावर चाळीस दिवसांनी होग्लाने पाहिलं तर दगड कुंडाच्या अलीकडे आला होता आणि कुंड बेखेरच्या शेतात गेलं होतं. शेजाऱ्याचा शिवेचा दगड सरकवणारा शापित असो, असं दर सणाला मोठ्याने म्हटलं जाई आणि सगळं गाव आमेन म्हणे. बेखेरचा आमेन सगळ्यांत खणखणीत असे.

होग्ला वेशीत गेली. पंच वेशीतल्या बाकांवर बसत आणि गावाचे वाद तिथेच मिटत. बेखेर म्हणाला, "पोरी, तुझी बाजू मांडायला पुरुष कुठाय? गावात स्वतःचं घर असलेला पुरुष उभा राहिला पाहिजे. मी नाही म्हणत, रीत म्हणते."

होग्ला आठ घरं फिरली. एकाला बेखेरचे बैल नांगरणीला हवे होते, दुसऱ्याला त्याचा तेलाचा घाणा, तिसऱ्याची कंबर धरली होती. मग तिने वेशीत परत येऊन सांगितलं की अबीतालताईला ठाऊक आहे दगड कुठे होता, तिने मला सांगितलंय. त्यावर अहीएजर म्हणाला, "अंजिराखाली सांगितलेलं वेशीत धरत नाहीत. वेशीत दहा जणांसमोर विचारलेलं आणि दहा जणांसमोर सांगितलेलं तेवढंच धरतात." आणि बाईमाणूस वेशीत बसत नाही, हे त्याने सांगितलंसुद्धा नाही. ते सगळ्यांनाच माहीत होतं.

अबीतालने हे सगळं जेवताना शाफातच्या कानावर घातलं होतं. आठ घरं फिरून झाली, हेही. त्याने ऐकलं, भाकरी खाल्ली आणि झोपला. तू उभा राहशील का, असं तिने सरळ विचारलं नाही. गावाचं नवं टाकं त्याच्याकडे बेखेरनेच दिलेलं होतं. शिवाय तो नाही म्हणाला असता, तर तिला पुढची सगळी वर्षं त्या नकाराबरोबर एका घरात राहावं लागलं असतं. न विचारलेलं बरं, असं तिने ठरवलं. इतरांना ती असं कधी ठरवू देत नसे.

पहिल्या पावसाला पंधरवडा उरला होता. पाऊस पडला की नांगरणी, आणि बेखेरचा नांगर एकदा कुंडाभोवती फिरला की तेवढी जमीन त्याचीच झाली असती. तेव्हा एके दिवशी सूर्य उगवताना अबीताल वेशीत गेली आणि पंचांच्या बाकावर जाऊन बसली. बेखेरच्याच जागेवर बसली, कारण तिथे ऊन लागत नसे.

पंच आले. बसायचं कुठे हे न कळून उभे राहिले.

"वहिनी, काही हवंय का?" बेखेर म्हणाला.

"परमेश्वराच्या नावाने नवस करते," अबीताल म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. "होग्लाचा दगड जागेवर जाईपर्यंत मी रोज या बाकावर बसेन, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. ज्याला जे विचारायचंय त्याने इथे, दहा जणांसमोर विचारावं. त्याचं उत्तर मी देईन. घरी, अंजिराखाली, परसात, कुणाला अक्षरही सांगणार नाही."

पंचांपैकी प्रत्येकाला आपापलं परस आठवलं. अहीएजरचा हात नकळत डोक्याकडे गेला.

"हे चालणार नाही," बेखेर म्हणाला. "अहीएजर, हे चालतं का?"

"नवस म्हणजे नवस," अहीएजर म्हणाला. "पण बाई लग्नाची आहे. नवऱ्याने ज्या दिवशी ऐकलं त्याच दिवशी नाही म्हटलं, तर नवस मोडला. ऐकून गप्प बसला, तर नवस पक्का. मग कुणाच्या बापाला मोडता येत नाही."

"दिवस म्हणजे कुठवर?"

"सूर्य मावळेपर्यंत. तोवर नवस कच्चा. आणि कच्च्या नवसावर कुणी काही विचारायचं नाही."

"मग शाफातला आत्ताच सांगू," बेखेर म्हणाला आणि त्याचा चेहरा खुलला. "आपल्या शब्दाबाहेर नाही तो."

अबीतालला हे माहीत होतं. तिने रात्री नवऱ्याला काही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर त्याचं उत्तर घरातच मिळालं असतं. इथे निदान ते सगळ्यांसमोर मिळणार होतं. त्याने नाही म्हटलं की उठून घरी जायचं, होग्लाला सांगायचं की माझ्याच्याने झालं नाही, आणि पुन्हा गाढवं.

नवं टाकं वेशीपासून तीस पावलांवर होतं, तिला बाकावरून दिसत होतं. शाफात पहाटेच आत उतरला होता. शेवटचा गिलावा चालू होता. तोंडाशी होग्ला बसून चुना कालवत होती आणि टोपलीने खाली सोडत होती. कुंड गेल्यापासून ती हेच काम करत होती.

शेवटचा गिलावा एका दमात करावा लागतो. तीन वर्षांपूर्वी परगावचा एक गवंडी जुन्या टाक्याचं अर्धं काम टाकून लग्नाच्या जेवणाला वर आला. तेवढ्यात चुना वाळला, जोड राहिला आणि उन्हाळ्यात त्या टाक्यात वीतभर पाणी आणि एक मेलेली घूस निघाली. म्हणून या वेळी बेखेरने शाफातला पंचांसमोर बजावलं होतं, "शेवटचा हात फिरेपर्यंत वर यायचं नाही. मी स्वतः हाक मारली तरी यायचं नाही." आणि दुसऱ्या कुणी ओल्या चुन्यात पाय ठेवायचा नाही, हेही बजावलं होतं.

पंच टाक्याच्या तोंडाशी गोळा झाले. बेखेर गुडघ्यावर बसला आणि वाकला.

"शाफाता!"

टाकं तीन वेळा म्हणालं, शाफाता.

"तुझ्या बायकोने नवस केलाय! वेशीत बसणार म्हणते! दगड परत जाईपर्यंत! ऐकतोयस ना?"

खाली थापी चालल्याचा आवाज येत होता. तो थांबला नाही.

"फक्त एक शब्द बोल! नाही म्हण! नाही!"

नाही, टाकं म्हणालं. नाही, नाही.

"म्हणाला!" बेखेर गुडघे झटकत उठला. "तीनदा म्हणाला."

"तो तुमचाच आवाज होता," अहीएजर म्हणाला. त्याला बेखेरची बाजू घ्यायची होती, पण त्याच्या तोंडून चुकीचं निघत नसे. तो त्याचा आजारच होता.

"काका, जरा सरका," होग्ला म्हणाली. "चुना वाळतोय."

बेखेर सरकला. टोपली खाली गेली, रिकामी वर आली. दुपारपर्यंत पंचांपैकी प्रत्येकाने एकदा तरी वाकून हाक मारली. आवाज कुणाचाही असो, टाकं नीट परत करत होतं. भाकरीची वेळ झाली तेव्हा होग्लाने भाकरी, कांदा आणि मूठभर जैतूनची फळं खाली सोडली. टोपली वर आली ती फक्त बियांसह.

"म्हणजे तोंड चालतंय," बेखेर म्हणाला. "शाफाता, तोंड उघड! अरे, घरात बाई पुरुषाच्या डोक्यावर बसली तर गाव हसेल! तोंड उघड!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या वरच्या मळ्यातलं टाकंही तुलाच देतो." मग पुन्हा चढवला. "तुला गावात राहायचंय की नाही?"

थापी चालत राहिली.

अबीताल बाकावर बसून ऐकत होती. गप्प म्हणजे पक्का, हे तिला कळत होतं, आणि तरी तिला बरं वाटत नव्हतं. शाफात गप्प होता, पण तो नेहमीच गप्प असे. लग्नाच्या दिवशीही गप्प होता. मूल जन्मून आठव्या दिवशी गेलं तेव्हाही गप्प होता. तो विचारपूर्वक गप्प आहे की त्याला फक्त चुन्याची काळजी आहे? गावाचं काम व्हावं एवढ्यासाठीच तर तो गप्प नसेल? तसं असेल तर नवस पक्का झाल्यावरही ती वेशीत एकटीच बसणार होती. गप्प माणसाबरोबर बावीस वर्षं राहिलं की त्याच्या गप्प बसण्याचे अर्थ लावायचा कंटाळा येतो. सूर्य डोक्यावर आला, कलला. ती घोटभर पाणी प्यायली. पाय सुन्न झाले होते.

उन्हं डोंगराच्या टोकाला गेली तेव्हा बेखेरचा घसा बसला होता. सूर्य गेला. अहीएजरने आकाशाकडे पाहिलं, तीन चांदण्या मोजल्या आणि म्हणाला, "दिवस संपला."

तेवढ्यात टाक्यातून शाफात वर आला. केसांपासून पायांपर्यंत पांढरा, डोळे तेवढे काळे. होग्लाने त्याला पाणी दिलं. तो सावकाश प्यायला.

बेखेरला तेव्हा सुचलं, आणि सुचलं ते नामी होतं. "अहीएजर," तो बसक्या आवाजात म्हणाला, "ज्या दिवशी ऐकलं त्या दिवशी ना? आणि त्याने ऐकलंच नसेल तर? आत नुसता घुमारा. थापीचा आवाज. ऐकलंच नसेल तर दिवस सुरूच झाला नाही. आता सांगू, उद्या सूर्य मावळेपर्यंत मुभा आहे."

अहीएजरने विचार केला. "बरोबर आहे," त्याला म्हणावं लागलं. "त्यालाच विचारा."

बेखेर शाफातजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात पांढरा झाला. "शाफाता, बाळा, आत काही ऐकू येत नसेल ना? घुमतं फार. आम्ही काय म्हणत होतो, तुला कळलंच नसेल."

बोलणं इतकं सोपं करून दिलं होतं की शाफातला नुसती मान हलवली तरी चाललं असतं. मान हलवणं त्याला आवडायचं. अबीताल बाकावरून उठली होती आणि तिथेच उभी राहिली होती.

"ऐकलं," शाफात म्हणाला.

"सगळं?"

"सगळं."

"कधी?"

"सकाळी. पहिल्याच हाकेला." त्याने पाण्याचं मडकं होग्लाकडे परत दिलं आणि तो घराकडे चालू लागला. वेशीपाशी क्षणभर थांबला, अबीताल येतेय का ते पाहायला. ती आली.

घरी दोघं जेवले. तिने काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. चुना निघेपर्यंत तो अंग घासत राहिला.

दुसऱ्या दिवशी नवस पक्का होता. अबीताल बाकावर बसली, दहा पंच समोरच्या बाकावर दाटीवाटीने बसले, आणि कुणी काही विचारायला येईना. एकाचं गाढव हरवलं होतं. तो आला, त्याने वेशीकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदाच ते स्वतः शोधायला गेला. होग्ला भिंतीला टेकून उभी होती. ती विचारू शकत नव्हती, तिला पुरुष नव्हता. बेखेर हळूहळू सैलावला. त्याला कळलं होतं की बाईने नवसात चूक केली आहे. उत्तर द्यायला ती बसली होती, पण विचारणार कोण? ज्या आठ घरांना बैल हवे होते त्यांना आजही हवेच होते. पंधरा दिवस ती अशीच बसली असती, मग पाऊस पडला असता आणि नांगर फिरला असता. अबीतालच्याही हे ध्यानात आलं होतं. रात्री एक प्रश्न विचारायला हवा होता आणि तो तिने पुन्हा गिळला होता.

सूर्य वर आल्यावर शाफात आला. अंघोळ करून, सणाचा अंगरखा घालून. फिर्यादी जिथे उभे राहतात त्या दगडावर तो उभा राहिला आणि त्याने बायकोकडे पाहिलं. बावीस वर्षांत त्याने तिला कधी काही विचारलं नव्हतं, गाढवाबद्दलसुद्धा नाही.

"होग्लाच्या शेताचा शिवेचा दगड कुठे होता?"

त्याचा दिवसभराचा शब्दांचा शिधा एका दमात संपला.

"कुंडाच्या पलीकडे," अबीताल म्हणाली. "कुंडाच्या काठापासून एकवीस पावलांवर. कुंड होग्लाचं." याला परमेश्वराचा शब्द लागला नव्हता. निम्म्या गावाला ते माहीत होतं.

अहीएजर घसा खाकरून म्हणाला, "पुरुषाने विचारलं, घर असलेल्या. दहा जणांसमोर. सांगितलंही दहा जणांसमोर. धरावं लागेल." बेखेरने त्याच्याकडे पाहिलं तसा तो घाईने म्हणाला, "पण साक्षी दोन लागतात. एका साक्षीवर काही ठरत नाही."

"कुंडाचा गिलावा माझ्या बापाने केला," शाफात म्हणाला. "होग्लाच्या सासऱ्यासाठी. मी चुना कालवत होतो."

"दोन," अहीएजर म्हणाला आणि खाली पाहू लागला.

"तुला कुणी सांगितलं रे मध्ये तोंड उघडायला?" बेखेर म्हणाला. आवाज अजून बसलेलाच होता.

"तुम्हीच," शाफात म्हणाला. "काल दिवसभर."

त्याच दुपारी दहा पंचांनी मिळून दगड उचलला आणि एकवीस पावलं मोजून ठेवला. पावलं होग्लाने टाकली. ती सावकाश चालली आणि बेखेरला दगड धरून तिच्यामागे तेवढंच सावकाश चालावं लागलं.

नवस फिटला होता. दुसऱ्या दिवशी अबीताल नेहमीसारखी अंजिराखाली गेली, तर बाक उघडा होता. एकोणीस वर्षं त्यावर असलेलं मेंढीचं कातडं नव्हतं. तिने घरात पाहिलं, परसात पाहिलं, गोठ्यात पाहिलं. शाफात कामावर गेला होता. गावाच्या हरवलेल्या वस्तूंचा पत्ता सांगणारी बाई आपलंच कातडं शोधत गल्लीतून खाली आली.

ते वेशीत होतं. पंचांच्या बाकावर, बेखेरच्या सावलीतल्या जागेवर, चारी कोपरे नीट ओढून अंथरलेलं. एका कोपऱ्यावर चुन्याच्या बोटांचे ठसे होते. बेखेर बाजूला उभा होता, कारण बसायचं कुठे हे त्याला कळत नव्हतं. अबीतालने काही वेळ त्या ठशांकडे पाहिलं, मग डोळे पुसले आणि बसली.